‘उष्णता’ : एका शब्दाचा अर्थविचार

घसा वरचेवर दुखतो, तोंड येते आणि लघवीला जळजळही होते, अशा वेळी मराठी रुग्ण डॉक्टरांपुढे पुष्कळदा एकच शब्द उच्चारतो : ‘उष्णता’. हा शब्द लक्षणवाचक नसून कारणवाचक आहे. तो विकाराचे स्थान सांगत नाही. ‘गरमी’ या शब्दाचे तर उष्मा व उपदंश असे दोन अर्थ होतात. ‘प्रमेह’ या शब्दापासून आलेला ‘परमा’ नेमका आहे. पण शिष्ट बोलण्यात त्याच्या जागी ‘गुप्तरोग’ येतो, आणि तो रोगाचे नव्हे, लज्जेचे वर्णन करतो.

या संदिग्धतेचे परिणाम गंभीर होतात. परम्याचे जंतू घशातही राहू शकतात व तेथे बहुधा लक्षणे दिसत नाहीत. उलट, तुर्की डॉक्टर हुलुसी बेहचेत यांनी १९३७ मध्ये वर्णिलेल्या विकारात तोंडात व जननेंद्रियांवर वारंवार व्रण उठतात, तरी तो सांसर्गिक नाही. रुग्णाने केवळ घशाचे सांगितल्यास तपासणीही घशापुरतीच होण्याचा संभव असतो. यास्तव ‘उष्णता’ हा शब्द ऐकताच ‘कोठे, कशी, केव्हापासून?’ असे डॉक्टरांनी विचारावे, आणि रुग्णाने अवयवाचे नाव घेऊन निःसंकोच उत्तर द्यावे, हेच श्रेयस्कर होय.