निळ्या प्रकाशाची मात्रा

आमच्या नवजात अर्भक कक्षात प्रथमच येणाऱ्या आप्तेष्टांचे पाऊल बहुधा एकाच जागी थबकते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले, लंगोटाखेरीज अंगावर काही नसलेले तीन-चार दिवसांचे बाळ निळ्या दिव्यांखाली निजलेले असते. 'बाळाला पेटीत ठेवले' एवढे ऐकूनच आजीचे डोळे भरून येतात. ह्या दिव्यांपैकी बरेचसे देणगीदारांनी दिलेले आहेत. तेव्हा हा प्रकाश बाळाच्या शरीरात नेमके काय करतो, हे त्यांना व बाळांच्या कुटुंबीयांना सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

जन्मानंतर बाळाच्या रक्तातील तांबड्या पेशी झपाट्याने मोडतात व त्यांतून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निघते. ते पाण्यात विरघळत नाही. यकृताने प्रक्रिया केल्याखेरीज ते सहसा शरीराबाहेर पडत नाही, आणि पहिले काही दिवस बाळाचे यकृत ह्या कामास अपुरे पडते. बहुसंख्य बाळांची ही कावीळ आपोआप ओसरते. परंतु प्रमाण फार वाढल्यास बिलिरुबिन मेंदूत शिरते. त्यातून येणारे बहिरेपण किंवा हातापायांच्या अनावर हालचाली पुढे कोणत्याही औषधाने बऱ्या होत नाहीत.

ह्यावरचा उपाय एका परिचारिकेच्या नजरेतून सापडला. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याचे अंग फिकट झाले होते, मात्र दुपट्याच्या कोपऱ्याखाली झाकलेला त्रिकोणी भाग पिवळाच होता. पुढे खिडकीत उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नमुन्यातही बिलिरुबिन कमी भरले. डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्यांचे उपकरण तयार करून १९५८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कारण मागाहून उमगले. बिलिरुबिनचा रेणू घडी घातल्यासारखा मिटलेला असतो व पाण्याशी जुळणारे त्याचे भाग घडीच्या आत दडलेले असतात. सुमारे ४६० ते ४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश त्वचेतून शिरून त्या रेणूचा आकार बदलतो. मग यकृताची वाट न पाहता तो पित्तावाटे व लघवीवाटे निघून जातो. प्रकाशाच्या चिमटीत सबंध पेशी धरून ठेवण्याचे तंत्रही आज अवगत आहे. त्यासाठी आर्थर अॅश्किन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तांबड्या पेशींवर तसे प्रयोग झाले आहेत. आमचे काम त्या मानाने साधे. घडी मोडली की पुरे.

'प्रकाशानेच बरे होते, तर आमच्या अंगणात ऊन काय कमी आहे?' असे गंगाखेड-पालमकडून आलेल्या आजीबाई विचारतात. प्रश्न मुळीच अडाणीपणाचा नाही. नायजेरियात अतिनील किरण व उष्णता गाळणाऱ्या छताखाली उन्हाचा उपचार यशस्वी झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. पण गाळणीवाचून परभणीचे ऊन बाळाची त्वचा भाजील, अंग तापवील, आणि निळा प्रकाश किती मिळाला हे कळणारच नाही.

ही मात्रा डोळ्यांना कळत नाही, ह्याचा धडा आम्हालाही मिळाला आहे. एका बाळाची कावीळ अपेक्षेप्रमाणे उतरेना. नळ्या तर लख्ख पेटलेल्या. मोजमापक आणून पाहिल्यावर जुन्या नळ्यांचा निळा प्रकाश निम्म्याहून खाली गेल्याचे दिसले. तीव्र उपचारासाठी दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॅट प्रकाश लागतो. नळ्या बदलल्या, दिवा बाळापासून योग्य अंतरावर आणला, आणि बाळ सुखरूप घरी गेले. परंतु त्या मातेला रुग्णालयात अधिक रात्री काढाव्या लागल्या, ही आमची उणीव होती. आता प्रत्येक दिव्याची नोंद ठेवली जाते. दिव्यावर देणगीदाराचे नाव शोभते, मोजमापकावर ते लिहायलाही जागा नसते. तरीही विश्वस्तांनी त्याची तरतूद प्राधान्याने करावी, अशी आमची विनंती आहे.

कुटुंबीयांनी पट्टीची भीती बाळगू नये. ती बाळाच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी असते व दूध पाजताना काढता येते. आईचे दूध वारंवार पाजावे, कारण सुटलेले बिलिरुबिन शी-लघवीतूनच जाते. पहिल्या २४ तासांत दिसलेली, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेली कावीळ कधीही घरी सांभाळू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्तावले तर तत्काळ आणावे. कावीळ पुष्कळदा घरी गेल्यावरच वाढते. आशाताईंची तिसऱ्या दिवसाची गृहभेट म्हणूनच महत्त्वाची आहे. त्या येतील तेव्हा बाळाला दाराशी, दिवसाच्या उजेडात आणून उघडे दाखवावे. पिवळ्या बल्बखाली कावीळ ओळखू येत नाही.