मत टाकण्याआधी मत सांभाळा!

लोकसभेची पुढील सार्वत्रिक निवडणूक मुदतीप्रमाणे 2029 साली व्हायची आहे. अजून अवकाश आहे, असे म्हणून आंबेडकरी समाज निवांत आहे. प्रस्थापित पक्ष मात्र निवांत नाहीत. बूथवर कोण बसणार, कोणत्या वस्तीत किती मते, याचा त्यांचा हिशेब वर्षभर चालू असतो. आपल्याकडे एकच चर्चा, ‘साहेब यंदा कोणाबरोबर जाणार?’ तिसगावच्या चहाच्या टपरीवर हाच प्रश्न आणि मुंबईतल्या बैठकीतही हाच प्रश्न. एकही मतदान न चुकवणाऱ्या माझ्यासारख्या मतदाराला वाटते, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की त्या दिवशी आपले नाव यादीत असेल काय?

हा मताचा अधिकार आपल्याला कोणी दान म्हणून दिलेला नाही. 1919 साली साउथबरो समितीपुढे तरुण बाबासाहेब साक्ष द्यायला उभे राहिले. त्या काळी मालमत्ता आणि शेतसाऱ्यावर मताधिकार ठरत होता. ज्याच्याजवळ जमीनच नाही, त्याने मत कसे द्यायचे? 1928 साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. पुढे संविधानाच्या कलम 326 ने साखर कारखान्याचा चेअरमन आणि त्याच्या फडात ऊस तोडणारा मजूर, दोघांना एकेकच मत दिले. गावगाड्यात समता आलेली नाही; पण मतदान केंद्राच्या आत ती पाच वर्षांतून एकदा येते. ती तेवढीही पुसली जाणार असेल, तर गप्प कसे बसायचे?

आता आपल्याच तालुक्याकडे पाहा. पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा तालुका. जवळ आदिनाथनगरला वृद्धेश्वर कारखाना असूनही मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या सुमारास परजिल्ह्यात, थेट कर्नाटकापर्यंत जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लोकसभेचे मतदान उन्हाळ्यात होते, तेव्हा माणूस गावी असतो. पण मतदार यादीची वार्षिक तपासणी बहुधा हिवाळ्यात होते आणि तेव्हा घराला कुलूप असते. ‘राहत नाही’ एवढा शेरा बसला, की नाव गेले. बौद्ध असो, मातंग असो की वंजारी, कुलूप जात पाहत नाही.

बिहारमध्ये 2025 साली यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा मसुदा यादीत सुमारे 65 लाख नावे नव्हती. मृत, दुबार आणि कायमचे स्थलांतरित अशी कारणे सांगितली गेली. ती नावे कारणांसह जाहीर करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. पोटासाठी बाहेर पडणाऱ्यांनी यातून धडा घ्यायचा नाही, तर कोणी घ्यायचा?

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 च्या कलम 20 प्रमाणे तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा नेहमीचा रहिवास संपत नाही. कलम 22 प्रमाणे ‘राहत नाही’ म्हणून नाव काढण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. तरीही नाव गेले, तर कलम 24 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील आहे. नवे नाव नोंदवायला नमुना 6 आणि दुरुस्तीला नमुना 8. आपले नाव काढण्यासाठी दुसऱ्या कोणी नमुना 7 भरला आहे काय, यावरही लक्ष हवे. पण कायदा स्वतःहून चालत वस्तीत येत नाही. त्याला हाताला धरून आणावे लागते.

नाव यादीत राहिले, म्हणजे काम संपले असेही नाही. 1952 साली उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. द्विसदस्य मतदारसंघ होता, मतदाराला दोन मते होती आणि 74 हजारांहून अधिक मते बाद झाली. मते कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेले होते. उलट 1957 साली संयुक्त महाराष्ट्र समितीच्या साथीने शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे ॲड. बी. सी. कांबळे आपल्याच जिल्ह्यातल्या कोपरगावातून लोकसभेत गेले. 1998 साली प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. दोन्ही वेळी समझोता आधी झाला होता, उघड झाला होता आणि मित्रपक्षांची मते आपल्या उमेदवारांना पडली होती.

2024 साली काय झाले? ‘चारसो पार’च्या घोषणेने संविधानाची काळजी पडली आणि आपल्या समाजातील फार मोठ्या वर्गाने कोणाच्या आदेशाची वाट न पाहता मतदान केले. भाजप 240 वर थांबला. शिर्डीत विजयाचे अंतर सुमारे 50 हजारांचे होते आणि वंचितच्या उत्कर्षा रूपवते यांना सुमारे 90 हजार मते पडली. एक गट म्हणतो मते वाया गेली, दुसरा म्हणतो ताकद दिसली. मी म्हणतो, आधी करार नाही आणि नंतर हिशेब नाही, तर मत आपल्याला दिले काय आणि परक्याला दिले काय, वायाच जाते.

हिशेब कशाचा? 17 एप्रिल 2014 रोजी अहमदनगर मतदारसंघात मतदान झाले. अकराव्या दिवशी, 28 एप्रिलला, याच मतदारसंघातील खर्ड्यात नितीन आगे या कोवळ्या मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ॲट्रॉसिटी कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या संरक्षणाचे कलम 15अ जानेवारी 2016 पासून लागू आहे. जिल्ह्यात त्याची अंमलबजावणी कशी चालली, हे संसदेत विचारीन, असे जो उमेदवार लिहून देईल, त्याच्याशीच बोलणी. संविधान वाचवतो म्हणणाऱ्याने संविधानाने दिलेला न्याय आधी वस्तीपर्यंत आणावा.

म्हणून बांधवांनो, नेत्यांचे ठरेल तेव्हा ठरेल. गाड्या फडाकडे निघण्याआधी प्रत्येक बुद्धविहारात मतदार यादी मोठ्याने वाचा. गेलेल्या कुटुंबांची नावे, फोन नंबर वहीत लिहून ठेवा आणि तपासणीला कर्मचारी आला, की ती वही त्याच्यापुढे धरा. यादी राखणाऱ्या वस्तीशीच पुढारी अटीवर बोलतो. इतरांना तो मतदानाच्या आदल्या रात्री भेटतो.

जयभीम!