पायांखालचें रंगकाम



घराची जमीन म्हटली, कीं आपल्या डोळ्यांपुढें शहाबादी फरशी किंवा सारवलेली भुई उभी राहते. अमेरिकेंतील पुष्कळ घरांची रचना निराळी. तेथें लांकडी कड्यांवर आठ फूट लांब व चार फूट रुंद असे प्लायवुडचे तक्ते ठोकतात, आणि त्यांवर गालिचा अथवा लांकडी पट्ट्या बसवितात. गालिचा झिजला, पण नवी तक्तपोशी घालण्याइतका पैसा हाताशीं नाहीं, अशा वेळीं खालचा तक्ताच रंगवून वापरतां येईल काय? आपल्यांतील कित्येकांचे लेक-सुना आज तेथें संसार करीत आहेत. तेव्हां हा प्रश्न आपल्यालाही अगदींच परका नाहीं.

उत्तर असें, कीं येईल. मात्र प्लायवुडचा स्वभाव ओळखून. लांकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक, प्रत्येकाचे धागे खालच्याला आडवे येतील असे, चिकटवून हा तक्ता होतो. म्हणून तो साध्या फळीसारखा सहसा वांकत वा तडकत नाहीं. १९३४ सालीं पाण्यास दाद न देणारा सरस निघाला आणि घरबांधणींत त्याचा उपयोग वाढला. परंतु पाणी सोसतो तो सरस, लांकूड नव्हे. उघड्या कडा पाणी पितात व फुगतात. म्हणून न्हाणीघरांत हा प्रयोग करूं नये.

आरंभींच एक सावधगिरी. अमेरिकेंत घरगुती रंगांत शिसें घालण्यास १९७८ सालीं बंदी झाली. त्यापूर्वींच्या घरांत जुना रंग तपासून घेतल्यावांचून खरवडूं अगर घासूं नये. शिशाची बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाहीं. रांगणारें मूल मात्र जमिनीवरचीं बोटें तोंडांत घालतें, आणि त्याच्या वाढत्या मेंदूला झालेली इजा पुढें भरून येत नाहीं. चार पैसे वांचविण्याच्या घाईंत एवढें विसरतां कामा नये.

गालिचा काढल्यावर राहिलेले खिळे एकूणएक उपटावे. तक्ता करकरतो तेथें तो बहुधा कडीपासून सुटलेला असतो. त्याला स्क्रूनें कडीशीं आवळावें. खळगे लांबीनें भरून, वाळल्यावर घासून, धूळ टिपून घ्यावी. दोन तक्त्यांच्या सांध्यांत मात्र कडक लांबी भरूं नये. कोरड्या हवेंत लांकूड आकसतें, दमटींत फुगतें. त्या ओढाताणींत लांबी तडकून निघते. सांधा दिसला तर दिसूं द्यावा.

लांकडाच्या गाठींतील राळेचा पिवळा डाग रंगांतून वर येतो. तो अडविण्यास लाखेचें अस्तर उत्तम. आणि लाख तर आपल्याच देशांत विपुल होते. त्यावर जमिनीसाठींच केलेल्या कठीण रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावे. भिंतीचा रंग पायांखालीं टिकत नाहीं. काम दूरच्या कोपऱ्यांतून दाराकडे आणावें, नाहीं तर रंगविणाराच कोपऱ्यांत अडकतो!

रंग वाळणें निराळें आणि पक्का होणें निराळें. साधारणतः दुसऱ्या दिवशीं अनवाणी चालतां येतें. जड सामानाला कांहीं दिवस थांबावें लागतें, आणि पुरता कठीणपणा येण्यास महिनाही लागतो. येथें घाई केली, तर कपाटाचे पाय रंगासकट उचलले जातात.

अशी जमीन जन्माची नव्हे. खुर्ची सरकते तेथें ती झिजेल. पण आपल्या आज्या भुई पुन्हां पुन्हां सारवीत, आणि तिला कोणी कच्ची म्हणून हिणवलें नाहीं. हीही तशीच आहे: थोडी झिजली, कीं पुन्हां एक हात द्यावा.