पोलिओचा विषाणू पेशीत शिरतो कसा, आणि लसीला बर्फ का लागतो?

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर एक गोष्ट हमखास दिसते: बर्फ भरलेली पेटी. बहुतेक लशी थंडच ठेवाव्या लागतात, पण तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेपुढे सर्वांत नाजूक. साठवणुकीच्या केंद्रात ती उणे २० अंशांवर ठेवतात. एवढी काळजी का, याचं उत्तर विषाणूच्या कवचात आहे.

पोलिओचा विषाणू अगदी लहान, व्यास सुमारे ३० नॅनोमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोन-तीन हजार विषाणू ओळीने मावतील. आत आरएनएचा एकच धागा, सुमारे ७,५०० अक्षरांचा. बाहेर प्रथिनांचं कवच. हे कवच चारच प्रकारच्या प्रथिनांचं आहे आणि प्रत्येकाचे ६० तुकडे त्यात असतात. जुन्या काळ्या-पांढऱ्या फुटबॉलवर १२ काळे पंचकोन असतात ना, तशाच १२ जागी या कवचात पाच-पाच तुकडे एकत्र येतात. जेम्स होगल आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने १९८५ मध्ये ही रचना अणूंच्या पातळीवर दाखवून दिली.

कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, म्हणून तो साबणाने फुटतो. पोलिओला असं आवरणच नाही. त्यामुळे तो जठरातल्या आम्लातून सुखरूप पार होतो आणि सांडपाण्यातही बराच काळ टिकतो.

पण इथेच त्याची अडचण सुरू होते. जे कवच बाहेर इतकं पक्कं, ते पेशीपाशी पोहोचल्यावर उघडणार कसं?

त्या १२ जागांभोवती कवचावर खोल घळ असते. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१५५ नावाचं प्रथिन असतं. ते नेमकं या घळीत बसतं. उंदरांकडे माणसासारखं हे प्रथिन नाही, म्हणून पोलिओचे बहुतेक विषाणू त्यांना लागत नाहीत. माणसाचं जनुक घातलेले उंदीर मात्र आजारी पडतात.

घळीच्या तळाखाली एक कप्पा असून त्यात चरबीसारखा एक छोटा रेणू पाचरीसारखा बसलेला असतो. सीडी१५५ घळीत शिरलं की ही पाचर निसटते. कवच किंचित फुगतं आणि आत दडलेली प्रथिनांची टोकं बाहेर येऊन पेशीच्या पटलात रुततात. तिथे भोक पडतं आणि त्यातून आरएनए आत सरकतं. म्हणजे विषाणू अख्खा आत जातच नाही. पेशी त्याला पटलाच्या छोट्या पिशवीत ओढून घेते, तो पृष्ठभागाजवळच आरएनए सोडतो आणि रिकामं कवच मागे राहतं. हे आरएनए पेशीला थेट वाचता येतं, त्यामुळे प्रथिनं बनवण्याचं काम लगेच सुरू होतं. काही तासांत त्या एका पेशीतून हजारो नवे विषाणू तयार होतात.

हा चाप एकदाच ओढता येतो. कवच एकदा फुगलं की पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. कित्येक विषाणू तर पेशीला चिकटून, फुगून, तसेच सुटून जातात आणि वाया जातात. ही उधळपट्टीच, पण संख्या एवढी असते की विषाणूला ती परवडते.

लसीच्या कुपीत ती परवडत नाही. तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत, पण दुर्बळ केलेला विषाणू असतो, आणि त्याचं कवचही असंच असतं. उष्णतेनेसुद्धा हा चाप ओढला जातो. पेशी समोर नसताना कवच उघडतं, विषाणू निकामी होतो. अशा विषाणूची आतड्यात वाढ होत नाही, मग बाळाला संरक्षणही मिळत नाही. आणि कुपीकडे नुसतं पाहून यातलं काहीच कळत नाही.

म्हणून १९९६ पासून या कुप्यांवर एक खूण येऊ लागली: वर्तुळात एक फिका चौकोन. उष्णता साठत जाईल तसा चौकोन गडद होतो. तो वर्तुळापेक्षा फिका असेल तोवरच डोस द्यायचा. रंग सारखा झाला की कुपी बाजूला काढायची.