पोकलेनचा हात व हुकमी तेल

अंजना खोऱ्यांतील आमच्या पिशोर भागांत शेततळें खणणें व नाल्यांतील गाळ काढणें या कामांस आतां पोकलेन यंत्र लावितात. २०१६ सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. तशा तळ्यांचें खोदकामही बहुधा यंत्रानेंच होतें. भाडें तासावर असल्यानें यंत्राचा हात कशानें हालतो, हें शेतमालकानें जाणणें हिताचें आहे.

एंजिन पंप फिरवितें, पंप तेल दाबतो व तें तेल सिलिंडरांतील दट्ट्या ढकलतें. हा दाब दर चौरस सेंटिमीटरास ३०० किलोंच्या घरांत जातो. तेल कोणीकडे व किती सोडावयाचें, हें व्हॉल्व ठरवितो. त्याच्या पोटांत स्पूल नांवाची पोलादी दांडी सरकते. ती मध्यावर असतां वाटा बंद. एकीकडे सरकली कीं हात वर, दुसरीकडे सरकली कीं खालीं. पाटाचें पाणी आपण दारें धरून वाफ्यावाफ्यांत वळवितों, तसाच हा प्रकार.

परंतु इतक्या जोराच्या प्रवाहांत ती दांडी बोटांनीं हळुवार सरकविणें कठीण. यासाठीं सुमारें ३५ ते ४० किलो दाबाचें निराळें तेल योजितात. त्यास पायलट तेल म्हणतात. आम्ही हुकमी तेल म्हणूं. चालक मूठ जितकी कलवील, तितका या तेलाचा दाब स्पूलच्या टोकावर येतो. कांहीं नव्या यंत्रांत हा दाब विजेच्या वेटोळ्यानें कमीजास्त होतो. समोरून स्प्रिंग रेटीत असते. दोहोंचा तोल साधेल तेथें स्पूल थांबतो. विहिरीवरील स्टार्टरही लहान बटणानें मोठी मोटार चालवितो, पण त्यास चालू व बंद एवढेंच ठाऊक. येथें पाव, अर्धा, पाऊण असा हिशेब चालतो. म्हणूनच तळ्याची कड बेतशीर उतरती कापतां येते.

स्पूलभोंवतींची फट केसाहूनही पुष्कळ बारीक असते. तींत कचरा शिरला कीं स्पूल अडखळतो व हात झटके देतो. सर्वच हालचाली मंदावल्या, तर दोष पंपांत किंवा हुकमी तेलांत शोधावा. एकच मंदावली, तर तिच्या स्पूलकडे व सिलिंडरकडे पाहावें. धुळीच्या वाऱ्यांत उघड्या डब्यानें तेल भरूं देऊं नये. भाव ठरविण्यापूर्वीं बकेट सावकाश उचलावयास लावून पाहावी.

चालकाच्या आसनाशेजारीं सुरक्षेचा दांडा असतो. तो बंद केला कीं हुकमी तेलाची वाट तुटते, व मुठीस चुकून धक्का लागला तरी हात हालत नाहीं. तळ्याची खोली मोजण्यास उतरण्यापूर्वीं बकेट जमिनीस टेकवून हा दांडा बंद करवावा. उचललेल्या बकेटखालीं तर कधींच उभें राहूं नये. ती कोंडलेल्या तेलावर तोललेली असते, आणि नळी फुटली तर दांडा बंद असूनही ती खालीं येऊं शकते. तासाचें भाडें कितीही चढो, ही दोन मिनिटें वाचवूं नयेत.