साच्याची शिवण आणि बोथट धार

साच्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर साचा आपली खूण ठेवतो. त्याचे दोन भाग जिथे भिडतात तिथे एक बारीक कंगोरा उठतो. प्लास्टिकच्या बादलीवर तो असतो, खेळण्यातल्या मोटारीवर असतो, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. टेबलावरच्या युद्धखेळांतल्या चिमुकल्या सैनिकांचं मात्र बिघडतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. अशा खेळांतला सैनिक साधारण २८ मिलिमीटर उंच, म्हणजे माणसाचा सुमारे साठावा हिस्सा. त्याच्या गालावर ०.१ मिलिमीटरची शिवण राहिली, तर त्या हिशेबाने जित्याजागत्या माणसाच्या चेहऱ्यावर ६ मिलिमीटर उंचीचा वरंबा उठला. म्हणूनच ही शिवण उतरवण्याला रंगकामाआधीची कटकट म्हणणं मला पटत नाही. ओतकामाचा शेवटचा टप्पा कारखान्याने गिऱ्हाइकावर सोपवलेला असतो, आणि त्यासाठीच्या हत्याराची पारख धारेवरून करण्यापेक्षा ते हाताच्या किती ताब्यात राहतं यावरून करायला हवी.

रंगाखाली शिवण झाकली जाईल ही आशा फोल आहे, आणि तिचं कारण रंगवण्याच्या पद्धतीतच आहे. या मूर्तींवर पातळ काळसर रंग सोडतात, तो खोलगट भागांत उतरून सावल्या पाडतो. मग जवळजवळ कोरडा ब्रश फिरवतात, त्याचा फिकट रंग फक्त उठावाच्या कडांना लागतो. शिवण हाही उठावच, त्यामुळे तिच्या माथ्यावर उजळ रेघ आणि पायथ्याशी काळी रेघ उमटते. तिला बुजवेल इतका जाड रंग दिला, तर चिलखताच्या कड्याही बुजतात. म्हणून जाणकार करड्या प्रायमरचा एक पातळ हात देतात आणि उजेडात तिरप्या नजरेने पाहतात. उघड्या प्लास्टिकवर न दिसलेल्या रेघा तिथे दिसतात, आणि तेव्हा पुन्हा खरवडायला बसणं शहाणपणाचं असतं.

हत्यारं ठरतात ती मालावरून. जुने सैनिक शिसं-कथलाच्या मिश्रधातूचे. रबराची चकती गरगर फिरवून तिच्यात वितळलेला धातू ओतत, आणि तो रबराच्या फटींत शिरून कडांना पापुद्रे धरत असे. त्यासाठी बारीक कानशी लागत, पण मऊ धातू कानशीच्या दातांत अडकून बसे. म्हणून तिला आधी खडू चोळत आणि नंतर पितळी ब्रशने झाडत. १९९० च्या दशकात शिशाच्या विषारीपणामुळे कथलावर आधारलेला, काहीसा टणक धातू आला. आता बहुतेक माल पॉलिस्टायरीनचा असतो. तो पोलादी डायमध्ये दाबाने भरतात, आणि सुटे भाग रनर नावाच्या प्लास्टिकच्या सांगाड्याला चिकटलेले मिळतात. ते सोडवायला सपाट कडेचा निपर, म्हणजे छाटणीची पक्कड. जपानच्या निइगाता प्रांतात बनणाऱ्या गॉडहँड कंपनीच्या नावाजलेल्या निपरला धार एकाच पात्याला असते. दुसरं पातं नुसता आधार देतं, त्यामुळे प्लास्टिक चिरडून पांढरं पडण्याऐवजी स्वच्छ कापलं जातं. हे पातं इतकं नाजूक की धातूच्या तारेवर चालवलं तर धारेचा टवका उडतो. मात्र निपर कितीही चांगला असला तरी पहिला छेद भागापासून थोडा दूर घ्यायचा आणि उरलेलं बोंड दुसऱ्या छेदात काढायचं, हा नियम सुटत नाही.

शिवणीची गोष्ट याहून नाजूक. नवखा माणूस सुरीच्या धारेने शिवण तासायला जातो; धार प्लास्टिकमध्ये घुसते आणि सैनिकाच्या मांडीला सपाट चकला पडतो. सुरीची पाठ पृष्ठभागावर जवळजवळ काटकोनात धरून हलकेच ओढली, तर शिवणीचाच बारीक कीस निघतो आणि मांडीची गोलाई राहते. पातं थरथरून लाटा उठल्या तर ओढण्याची दिशा बदलायची, शेवटी ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवायचा. शिवण केसांतून किंवा वस्त्राच्या चुण्यांतून गेली असेल तर खरवडणं पुरत नाही. चुणी पुन्हा कोरावी लागते, आणि त्या जागी हा कारागीर मूर्तिकाराचंच काम करत असतो. साच्याचे भाग सरकून पायरी पडली असेल, तर आपल्या एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी भरण्यावाचून इलाज नाही.

यावर आक्षेप येतो की खेळताना सैनिक हातभर लांबून दिसतात, तिथे शिवण कोण पाहतो? शंभर प्याद्यांच्या फौजेपुरता तो मला मान्य आहे; त्यांचे चेहरे आणि खांदे साफ केले तरी भागतं. पण सेनापतीची मूर्ती माणसं उचलून डोळ्यांजवळ नेतात, आणि नजर आधी जाते ती चेहऱ्यावर. दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो जास्त वजनदार आहे. शिवण काढण्यासाठी म्हणून विकली जाणारी बोथट पट्टी जे करते, तेच सुरीची पाठ करते. तिचा खरा फायदा एवढाच की बोट कापत नाही; लहान मुलाच्या हाती द्यायची असेल तर पैसे वाजवी, एरवी चैन. चांगला निपर मात्र चैनीत मोजू नये, कारण वाईट निपरने झालेली इजा दुसऱ्या कुठल्याही हत्याराने पुरती भरून निघत नाही.

रेझिनच्या थ्रीडी छपाईने साचाच गेला, तेव्हा ही हत्यारंही जातील असं म्हणतात. साच्याची शिवण जाते खरी, पण छपाईचे थर राहतात. ०.०५ मिलिमीटरचा थर साठपटीने ३ मिलिमीटरची पायरी होतो, आणि टक्कल किंवा ढाल अशा सावकाश उतरत्या भागांवर त्या पायऱ्या दिसू शकतात. शिवाय छपाईत मूर्तीला पेलून धरणाऱ्या आधारकाड्या तोडल्या की त्यांच्या टोकांचे फोड उरतात. अल्ट्राव्हायोलेट प्रकाशात पक्कं होण्याआधी रेझिन मऊ असतं, म्हणून हातमोजे घालून त्या काड्या तेव्हाच काढतात. उरलेले फोड पक्क्या झालेल्या मूर्तीवर ओल्या पॉलिश पेपरने घासतात, कारण रेझिनची कोरडी धूळ छातीत जाता कामा नये.