मंत्री बोलत नाहीत, तेव्हा कोण बोलते? समजून घ्या ‘ट्रॅक टू’

छत्रपती संभाजीनगर : पहलगाममध्ये २२ एप्रिल २०२५ रोजी २६ जणांचा बळी गेला. त्यात महाराष्ट्रातले सहा जण होते. भारताने अटारी सीमा बंद केली, सिंधू पाणीवाटप करार स्थगित ठेवला. ‘आता पाकिस्तानशी बोलायचंच कशाला?’ हा प्रश्न टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण सरकारांचे बोलणे थांबते, तेव्हाही काही जण बोलत राहतात.

‘ट्रॅक टू’ म्हणजे नेमके काय?

दोन सरकारे थेट चर्चा करतात तो ट्रॅक वन. अभ्यासक, निवृत्त राजदूत, माजी लष्करी अधिकारी आणि सत्तेबाहेरचे राजकारणी भेटतात तो ट्रॅक टू. अमेरिकी मुत्सद्दी जोसेफ माँटव्हिल यांनी १९८१ मध्ये हा शब्द रूढ केला. भारत-पाकिस्तानमधली अशी गाजलेली चर्चा १९९१ मध्ये राजस्थानातल्या नीमराणा किल्ल्यात सुरू झाली.

सोय साधी आहे. मंत्र्याने नुसती शक्यता बोलून दाखवली तरी ती देशाची भूमिका ठरते. प्राध्यापक बोलला तर ते त्याचे मत. पटले तर सरकार उचलते, नाहीतर हात झटकते.

मुंबईत काय घडले होते?

१२ ऑक्टोबर २०१५. पाकिस्तानचे माजी परराष्ट्रमंत्री खुर्शीद महमूद कसुरी यांच्या पुस्तकाचे प्रकाशन वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये होते. शिवसेनेचा त्याला विरोध होता. सकाळी शिवसैनिकांनी आयोजक सुधींद्र कुलकर्णी यांच्या तोंडाला शाई फासली. कुलकर्णी तशाच चेहऱ्याने कसुरींशेजारी पत्रकार परिषदेला बसले. संध्याकाळी बंदोबस्तात प्रकाशन झाले.

गोंधळात पुस्तकातला मुद्दा मागेच पडला. कसुरी मंत्री असताना, २००५ ते २००७ या काळात, भारताचे सतिंदर लांबा आणि पाकिस्तानचे तारिक अझीझ काश्मीरवर गुपचूप बोलत होते. सीमा न बदलता नियंत्रण रेषेपलीकडे ये-जा सुलभ करायची, अशी ती कल्पना. हे दोघे आपापल्या नेत्यांचे दूत होते, म्हणून याला ट्रॅक टू नव्हे, ‘बॅक चॅनल’ म्हणतात. मुशर्रफ घरच्याच संकटात अडकले आणि सगळे राहून गेले.

आपल्या मते ट्रॅक टूची खरी अडचण इथेच आहे. खुर्चीवर असताना कोणी उघड बोलत नाही आणि खुर्ची गेल्यावर कोणी ऐकत नाही. त्यात निवडणूक आली की संपलेच. मणिशंकर अय्यर यांच्या घरी डिसेंबर २०१७ मध्ये कसुरींसोबत जेवण झाले, मनमोहन सिंगही होते. ते जेवण थेट गुजरातच्या प्रचारात पोहोचले.

मग सामान्यांना उपयोग काय?

पालघरला विचारा. तिथले अनेक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, सागरी हद्द ओलांडली म्हणून पकडले जातात आणि कराचीच्या तुरुंगात पडतात. अशा कैद्यांसाठी दोन्ही देशांनी निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती, प्रत्येकी चार जणांची. २०१३ मध्ये तिची बैठक झाली, नंतर काम थंडावले.

कैद्यांच्या याद्या मात्र २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दिल्या-घेतल्या जातात. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर दोन महिन्यांच्या आत, १ जुलै २०२५ लाही त्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत भारतीय किंवा भारतीय समजले जाणारे १९३ मच्छीमार होते.